प्रति: सायकलच्या रिमला (चाकाच्या बाहेरच्या धातूच्या कड्याला) भोकं पाडून वजन कमी करणे
स्पोकच्या मधेमधे भोकं पाडली की चाक बरंच हलकं होतं असं वर म्हटलंय, पण किती ते मोजा ना राव. दीड मिमी जाड ॲल्युमिनियममधे ६ मिमीचं भोक म्हणजे जेमतेम ०.११ ग्रॅम, ३२ पाडलीत तरी साडेतीन-चार ग्रॅम, एवढा तर चिखलच चिकटलेला असतो. आणि ओढ बसली की भोकाच्या कडेला ताण साधारण तिप्पट होतो. माझ्या जुन्या रिमला तडा गेला तोही निपलच्या (स्पोक रिमला आवळून धरणाऱ्या छोट्या नटच्या) भोकापासूनच, केसाएवढी रेघ, मी आपला मळ समजून पुसत बसलो!

फॅटबाईकच्या (खूप जाड टायरच्या सायकलच्या) रिमला मोठी भोकं असतात खरी, पण ती रिम रुंद, डिझाइनच तसं, हवाही कमी. जाड व्हॉल्व बसावा म्हणून त्याचं भोक साडेसहाचं साडेआठ मिमी करणं वेगळं, तेही कड कानशीने घासूनच.