विहिरीत बुडी मारता येते. भाल्याने मासेमारी शिकायची तर सुरुवात कशी करावी?

हिप्परगा_रोड यांचा प्रश्न

नमस्कार. मी सोलापूरचा असून लहानपणापासून आमच्या शेतातल्या विहिरीत पोहत आलो आहे. पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली आम्ही पोरे पुढे तळाची माती मुठीत घेऊन वर येण्याची पैज लावत असू, आणि बुडी मारण्यापूर्वी पंधरा-वीस वेळा जोरजोराने श्वास घेतला की दम जास्त टिकतो, हेही आम्हाला तेव्हाच उमगले होते. येत्या जानेवारीत मालवणजवळ मावसभावाकडे जाणार आहे. पाण्याखाली जाऊन भाल्याने मासा मारण्याचा अनुभव त्यालाही नाही आणि मलाही नाही. तोपर्यंत उजनीच्या पाण्यात सराव करावा, असा विचार आहे. स्पिअरगन (पाण्याखाली भाला सोडणारी बंदूक) कोणती घ्यावी आणि एकट्याने सराव करताना कोणती काळजी घ्यावी, हे कृपया सांगावे.

खोल_श्वास यांचे उत्तर

आपल्या प्रश्नातील ‘जोरजोराने श्वास’ आणि ‘एकट्याने’ हे दोन शब्द निकाली निघाल्याशिवाय बंदुकीचा विषय काढण्यात अर्थ नाही.

भराभर श्वास घेतल्याने शरीरातला प्राणवायू फारसा वाढत नाही, कारण निरोगी माणसाचे रक्त मुळातच जवळजवळ पूर्ण भरलेले असते. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. श्वास घेण्याची तळमळ मुख्यतः याच वायूच्या वाढीमुळे होते. म्हणजे विहिरीत आपला दम वाढत नव्हता, तर धोक्याची घंटा तेवढी बंद पडत होती. त्यातच १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे उरलासुरला प्राणवायूही तिथे पुरेसा वाटतो; वर येताना दाब उतरतो, त्याबरोबर प्राणवायूचा दाबही झपाट्याने घसरतो आणि माणूस अगदी शेवटच्या काही मीटरांत, कधी तर डोके पाण्याबाहेर काढल्यावरही, कसलीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध होतो.

माझ्या सोबत्याच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तो वर आला, माझ्याकडे बघून हसला, मग त्याचे ओठ निळसर पडले आणि मान पुढे कलंडली. मी हाताच्या अंतरावर होतो म्हणून त्याचे तोंड पाण्याबाहेर धरून मुखवटा काढता आला. गालावर थोपटून, डोळ्यांवर फुंकर घालून हाक मारताच त्याने श्वास घेतला. आपण बेशुद्ध झालो होतो, हे त्याला नंतरही पटत नव्हते.

म्हणून एक जण खाली असताना दुसऱ्याने वरच थांबून त्याच्यावर नजर ठेवायची, तो वर आल्यावरही निदान अर्धा मिनिट नजर हटवायची नाही, आणि दोन बुड्यांमध्ये बुडीच्या किमान दुप्पट वेळ विश्रांती घ्यायची. मावसभावालाही हे सारे येत असले पाहिजे. काठावर बसलेला माणूस सोबती ठरत नाही. दोघांनी आधी प्रशिक्षकाकडून फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे एका श्वासावर बुडी मारण्याचा, प्राथमिक अभ्यासक्रम करावा. बेशुद्ध सोबत्याला वर आणण्याचा सराव तिथे करून घेतात.

बंदूक सर्वांत शेवटी घ्यावी. ती पाण्यात उतरल्यावरच ताणायची आणि पाण्यातून बाहेर पडण्यापूर्वी उतरवायची, तिच्या सुरक्षा-खटक्यावर कधीही विसंबायचे नाही, आणि पाणी इतके गढूळ असेल की भाल्याच्या पल्ल्यापलीकडचे दिसत नाही, तर त्या दिवशी बंदूक किनाऱ्यावरच ठेवायची.

भीमाकाठ यांचे उत्तर

मी टेंभुर्णीजवळचा असून आमच्या घरात तीन पिढ्या जाळ्यावर जगल्या आहेत. उजनीत सराव करू नका, एवढेच सांगण्यासाठी लिहीत आहे. धरण ‘उणे’मध्ये जाते तेव्हा उघड्या पडणाऱ्या बाभळी, जुन्या भिंती आणि बांध आपण वर्तमानपत्रातील छायाचित्रांत पाहिले असतीलच, पाणी चढले की ते सगळे तिथेच असते, फक्त दिसत नाही. त्यांना अडकून तुटलेली नायलॉनची जाळी वर्षानुवर्षे पाण्यात लोंबत राहतात. माशालाही न दिसणारा तो बारीक धागा गढूळ पाण्यात आपल्याला काय दिसणार? शिवाय काठाकाठाने शेतकऱ्यांच्या विजेच्या मोटारी आणि त्यांच्या केबली पाण्यात सोडलेल्या असतात, त्यांपासून आम्हीही होडी दूर ठेवतो. मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडे असतो, त्यांच्या परवानगीशिवाय तिथे चिलापीसुद्धा मारता येत नाही, ही गोष्ट वेगळीच.

हिप्परगा_रोड

दोघांचे आभार. उजनी आणि एकट्याने सराव, दोन्ही रद्द केले. मग सोबत्यासह शेतातल्या विहिरीत वजनपट्टा बांधून सराव केला तर चालेल का? पाणी स्वच्छ आहे आणि तळ साधारण आठ मीटरांवर आहे.

खोल_श्वास

अभ्यासक्रम होईपर्यंत वजन अजिबात बांधू नये. पुढेही एक हिशेब ध्यानात ठेवावा: समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे ८० किलोच्या माणसाने समुद्रासाठी जुळवलेला पट्टा विहिरीत साधारण २ किलोने जास्त ठरतो. पट्टा एका हाताने झटक्यात सुटणारा असावा. पूर्ण श्वास सोडल्यावरही आपण पृष्ठभागावर तरंगत राहिलो पाहिजे. बुडू लागलो, तर वजन जास्त आहे असे समजावे.

तोवर कानांतला दाब पाण्याच्या दाबाशी जुळवण्याचा सराव घरीच करावा. नाक चिमटीत धरून, छातीचा जोर न लावता जिभेच्या मुळाने हवा मागे ढकलली की कानात ‘टक्’ असा आवाज येतो. पाण्यात हेच दुखू लागण्यापूर्वी, दर मीटरभर उतरताना करायचे असते. दुखू लागले तर परत वर यावे. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरूच नये.

मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्यामुळे कोणत्या पट्ट्यात मासेमारीला मनाई आहे, हे भावाला तिथल्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधीच विचारायला सांगावे.

हिप्परगा_रोड

त्याला आजच फोन करतो. माती काढण्याची पैज मात्र पुतण्यांनी अजून चालू ठेवली आहे. रविवारी शेतावर गेल्यावर पहिल्यांदा ती बंद करवतो.