ग्रीनकार्डाच्या दोन रांगा, आणि जन्मदेशाची सात टक्क्यांची मर्यादा

पूर्वकिनारा (धागाकर्ता)

अमेरिकेच्या व्हिसा बुलेटिनमध्ये दर महिन्याला कुटुंबाच्या वर्गांचे आणि नोकरीच्या वर्गांचे असे वेगवेगळे तक्ते येतात. आपण मात्र दोन्हींबद्दल बोलताना ‘भारतीयांची रांग फार लांब आहे’ एवढे एकच वाक्य म्हणतो. माझे म्हणणे असे आहे की या दोन रांगा निरनिराळ्या कारणांनी लांबल्या आहेत. नोकरीच्या रांगेतून जन्मदेशाची मर्यादा काढणे न्याय्य आहे, पण तेच औषध भावंडांच्या रांगेला दिल्याने जवळजवळ काहीच साधणार नाही.

आधी नोकरीची रांग पाहू. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० ग्रीनकार्डे ठरवली आणि तो आकडा आजही तेवढाच आहे. त्यात अर्जदाराबरोबर त्याचा जोडीदार आणि मुलेही मोजली जातात. ईबी-२ या उच्च पदवीधरांच्या वर्गाच्या वाट्याला यातले २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४०,०४० क्रमांक (ग्रीनकार्डाच्या जागा) येतात, आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यातले साधारण सात टक्के, म्हणजे २,८०० च्या आसपास. चौघांचे कुटुंब धरले तर वर्षाला ७०० अर्जदार पुढे सरकतात. इतर देशांचे उरलेले क्रमांक कधी मिळतात, पण त्यावर कोणी आयुष्य आखू शकत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात भारतासाठी ईबी-२ ची तारीख १ जानेवारी २०१३ होती, म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांचाच नंबर येत होता, तर बहुतेक देशांसाठी ती २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधली होती. पात्रता तीच, काम तेच, आणि अंतर दहा वर्षांहून अधिक.

आता अमेरिकी नागरिकांच्या भावंडांचा एफ-४ वर्ग. त्याला वर्षाला ६५,००० क्रमांक आहेत. त्याच उन्हाळ्यात भारताची तारीख २००६ च्या मध्यावर होती आणि बहुतेक देशांची २००८ च्या सुरुवातीला. अंतर फक्त दीड वर्षाचे. म्हणजे इथे घाना असो वा नेपाळ, सगळ्यांनाच सतरा वर्षांच्या पुढे थांबावे लागते, कारण एकूण जागाच कमी आहेत.

माझी स्वतःची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, मे २०१४ ची आहे. कोविडमुळे कॉन्सुलेट बंद राहिल्याने कुटुंबाच्या वर्गांचे न वापरलेले क्रमांक नोकरीच्या वर्गांकडे आले आणि २०२२ च्या आर्थिक वर्षात ती मर्यादा २,८१,००० च्या वर गेली. त्या सप्टेंबरच्या बुलेटिनमध्ये भारताची ईबी-२ तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत आली. डॉक्टरांनी चिकटवून, झाकणावर सही केलेला अर्जाला लागणारा वैद्यकीय तपासणीचा लिफाफा माझ्या हातात पडला त्याच आठवड्यात वर्षाचे क्रमांक संपले. ऑक्टोबरमध्ये तारीख १ एप्रिल २०१२ वर आली आणि डिसेंबरमध्ये ८ ऑक्टोबर २०११ वर. ही मर्यादा कोणत्या तत्त्वावर टिकवायची, हे तिच्या समर्थकांनी सांगावे, म्हणून हा धागा काढला आहे.

सह्याद्री_७

तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, तरीही मी मर्यादेच्या बाजूने लिहितो आहे.

ही मर्यादा भारतीयांविरुद्ध केलेली नाही. १९२४ च्या कायद्यात बहुतेक जागा उत्तर आणि पश्चिम युरोपला होत्या. १९४६ मध्ये भारताला वर्षाला १०० जागा मिळाल्या, तेही मोठे यश मानले गेले. १९६५ मध्ये ती राष्ट्रनिहाय वाटणी मोडली आणि सगळ्या देशांना सारखी कमाल मर्यादा लागू करण्याचे तत्त्व आले. आज आपल्याला जाचणारा नियम त्याच दुरुस्तीतून आलेला आहे, एवढे तरी लक्षात ठेवायला हवे.

दुसरा मुद्दा अधिक व्यावहारिक आहे. १,४०,००० हा आकडा तसाच ठेवून मर्यादा काढली, तर सर्वांत जुन्या तारखा भारतीयांच्या असल्यामुळे ईबी-२ आणि ईबी-३ (पदवीधर व कुशल कामगारांचा वर्ग) यांचे बहुतेक क्रमांक कित्येक वर्षे आपल्याकडेच येतील. मी एका रुग्णालयात काम करतो. माझ्याबरोबरची फिलिपिन्सची परिचारिका ईबी-३ मध्ये आहे. तिने कोणाची जागा अडवलेली नाही, पण उद्या तिची दोन-तीन वर्षे आठ-दहा होतील. प्रतिनिधी सभेने १० जुलै २०१९ रोजी मर्यादा काढण्याचे विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले, सिनेटने २ डिसेंबर २०२० रोजी आपला मसुदा संमत केला, आणि दोन्हींचा मेळ न बसल्याने ते बारगळले. सिनेटच्या मसुद्यात परिचारिकांसाठी काही वर्षे राखीव वाटा ठेवावा लागला, याचा अर्थच असा की नुकसान कोणाचे होणार हे सर्वांना दिसत होते.

जोडीदार आणि मुलांना १,४०,००० मध्ये मोजणे थांबवा. तेवढ्याने रांग निम्म्याने हलकी होईल आणि दुसऱ्या कोणाच्या ताटातले काढून घ्यावे लागणार नाही.

मांडवी

एका गैरसमजाबद्दल लिहिते, कारण गोव्यात तो घरोघरी आहे. पोर्तुगीज पासपोर्ट काढला की अमेरिकेच्या रांगेतही आपण पोर्तुगालमध्ये मोजले जातो, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. नागरिकत्व नव्हे, जन्मस्थान पाहतात. मडगावात जन्मलेला माणूस लिस्बनचा पासपोर्ट घेऊन आला तरी भारताच्याच रांगेत उभा राहतो. माझ्या मावसभावाने हे वकिलाची फी भरल्यावर ऐकले.

पूर्वकिनारा

मांडवी यांच्या मुद्द्याची दुसरी बाजूही इथेच सांगतो. माझ्याच ऑफिसातील एका सहकाऱ्याचा जन्म सांगलीचा आणि त्याच्या पत्नीचा कुवेतचा, कारण तिचे वडील तेव्हा तिथे नोकरीला होते. दोघेही भारतीय नागरिक. पतीपत्नींपैकी एकाचा जन्मदेश दोघांना लावता येत असल्याने त्यांचे ग्रीनकार्ड दोन वर्षांत झाले. माझ्या पत्नीचा जन्म कराडचा आहे. सह्याद्री_७, सारखी कमाल मर्यादा म्हणजे सारखा न्याय असे तुम्ही म्हणता. पण चार लाखही वस्ती नसलेल्या आइसलँडला आणि एकशे चाळीस कोटींच्या भारताला जिथे एकच सात टक्के लागतात आणि प्रसूती कोणत्या गावी झाली यावर दहा वर्षे ठरतात, तिथे सारखेपणा देशांना मिळतो, माणसांना मिळत नाही.

कुटुंबीयांना मोजू नये, या तुमच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

नियमवाचक

धागाकर्त्यांनी एफ-४ चे निदान बरोबर केले आहे, पण उपचार सांगितला नाही. तो मी सांगतो: हा वर्ग नव्या पिटिशन्ससाठी, म्हणजे नातेवाइकाला आणण्याच्या नव्या अर्जांसाठी, बंद करावा.

बुलेटिन वाचण्यात बहुतेकांची एक चूक होते. आज २००६ ची तारीख चालू आहे म्हणजे आज अर्ज करणाऱ्यालाही एकोणीस वर्षे लागतील, असे लोक समजतात. ती तारीख आज दारात पोहोचलेल्यांनी किती वाट पाहिली एवढेच सांगते. आज शेवटी उभा राहणारा किती थांबेल, हे त्याच्या पुढे किती माणसे आहेत यावर ठरते, आणि दरवर्षी येणाऱ्या पिटिशन्स ६५,००० क्रमांकांत मावत नाहीत. चाळिशीतल्या भावासाठी आज पिटिशन भरणे म्हणजे त्याला सत्तरीच्या उंबरठ्यावर नवा देश देऊ करणे आहे. माजी काँग्रेस सदस्य बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालील स्थलांतर सुधारणा आयोगाने १९९५ मध्येच हा वर्ग काढून ते क्रमांक ग्रीनकार्डधारकांच्या पती-पत्नी आणि लहान मुलांकडे वळवावेत अशी शिफारस केली होती. २०१३ च्या सिनेटच्या विधेयकातही भावंडांचा वर्ग काढला होता. जो शब्द पाळता येत नाही तो सरकारने देऊ नये, कारण त्यावर विसंबून लोक घर विकण्याचे, मुलांच्या शिक्षणाचे निर्णय लांबवत राहतात.

मूळचा डोंबिवलीचा

नियमवाचक, तुमचे गणित मला मान्य आहे आणि निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

मी माझ्या थोरल्या भावासाठी नोव्हेंबर २००५ मध्ये आय-१३०, म्हणजे पिटिशनचा फॉर्म, भरला. त्याची पोच भावाने पारदर्शक पिशवीत घालून देवघराशेजारच्या कपाटात ठेवली आणि प्रायॉरिटी डेटच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ ओढली. अठरा वर्षांत पिशवी दोनदा बदलली. पिटिशन मंजूर व्हायलाच पाच वर्षे लागली आणि आम्ही त्याबद्दल फार चिडलो होतो. पुढे कळले की २००२ च्या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे पिटिशन जितका काळ मंजुरीविना पडून राहिली, तितका काळ मुलांच्या वयातून वजा होतो, आणि उरलेले वय एकवीसच्या आत असले तरच मूल आईवडिलांबरोबर येऊ शकते. २०२४ मध्ये तारीख आली तेव्हा पुतणी चोवीस वर्षांची होती. पाच वजा जाऊन ती एकोणीसची ठरली आणि आईवडिलांबरोबर आली. पुतण्या सत्तावीसचा होता, बावीसचा ठरला, आणि मागे राहिला. एकाच घरातली दोन भावंडे. मंजुरी दोन वर्षांत झाली असती तर दोघेही मागे राहिली असती.

पुतण्याला बापाची जुनी तारीखही मिळत नाही; तसे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले आहे. आता भावाने त्याच्यासाठी एफ-२बी ची, म्हणजे ग्रीनकार्डधारकाच्या सज्ञान अविवाहित मुलांच्या वर्गाची, नवी पिटिशन भरली आहे, आणि त्या वर्गात २०२५ च्या उन्हाळ्यातही २०१६ सालच्याच तारखा चालू होत्या.

तरीही वर्ग बंद करा असे मी म्हणणार नाही. आमची आई माझ्याकडे असते. तिचे दोन्ही मुलगे एका गावात आहेत, हे तिला ब्याऐंशीव्या वर्षी मिळाले. उशिरा मिळाले म्हणून ते न मिळालेलेच बरे होते, असे तिच्यासमोर कोणी म्हणून दाखवावे. क्रमांक वाढवणे, आणि पिटिशन भरली त्या दिवशीचे मुलांचे वय कायम धरणे, या दोन मागण्या मला रास्त वाटतात.

नियमवाचक

भरण्याच्या दिवशीचे वय धरणे ही मागणी मला मान्य आहे, आणि जे आधीच रांगेत आहेत त्यांना धक्का लावू नये हेही. पण वय गोठवले की प्रत्येक पिटिशनमागे येणारी माणसे वाढतील आणि त्याच ६५,००० वर आणखी ताण येईल. वार्षिक क्रमांक कायमचे वाढवण्याचे एकही विधेयक १९९० नंतर कायदा झालेले नाही. ते होईल असे धरून आजच्या तिशीतल्या भावंडांना रांगेत उभे करणे मला पटत नाही. तुमच्या पुतण्याच्या बाबतीत एक विचारतो: तो अजून अविवाहित आहे ना? ग्रीनकार्डधारकाच्या विवाहित मुलांसाठी वर्गच नाही.

मूळचा डोंबिवलीचा

अविवाहित आहे. वकिलांनीही हेच पहिले सांगितले. भाऊ नागरिक होण्याआधी पुतण्याने लग्न केले तर पिटिशन आपोआप रद्द होते. नागरिक झाल्यावर केले तर ती विवाहित मुलांच्या एफ-३ वर्गात जाते, जिथे पुन्हा दशकाच्या वरची वाट आहे. नागरिकत्वाचा अर्ज करायलाच भावाला साधारण पाच वर्षे थांबावे लागेल. पुतण्याची एक मैत्रीण आहे, दोन्ही घरांना पसंत आहे. तिच्या वडिलांनी एप्रिलमध्ये वहिनींना फोन करून तारीख कधी धरायची ते विचारले. वहिनींनी त्यांना अजून उत्तर दिलेले नाही.