शब्दचर्चा : ताऱ्यांची ‘पिढी’ की ‘वाण’?

प्रश्न : गोलाकार तारकागुच्छांतल्या ‘मल्टिपल पॉप्युलेशन्स’ना, म्हणजे एकाच गुच्छातल्या वेगवेगळ्या रासायनिक घडणीच्या ताऱ्यांच्या गटांना, मराठीत काय म्हणावे? ‘ताऱ्यांची लोकसंख्या’ वाचून खटकले. ‘पिढ्या’ चालेल का?

उत्तर : ‘लोकसंख्या’ हा आकडा झाला, ते नकोच. पण ‘पिढी’ त्याहून फसवी. पिढी म्हटली की आईबाप आले, मधला काळ आला, आणि नेमके तेच अजून सिद्ध झालेले नाही.

ज्येष्ठा ताऱ्याच्या अगदी शेजारचा एम ४ हा गुच्छ घ्या. त्यातल्या ताऱ्यांत लोह जवळजवळ सारखे, पण काहींत सोडियम आणि नायट्रोजन जास्त, ऑक्सिजन आणि कार्बन कमी. खूप तापलेल्या ठिकाणी हायड्रोजन जळाल्याची ही खूण. या लहान ताऱ्यांच्या पोटात तेवढी उष्णताच नसते, म्हणजे ते द्रव्य दुसऱ्या ताऱ्यांकडून आले. कुणाकडून? उतारवयातले मध्यम वजनाचे तारे, वेगाने फिरणारे महाकाय तारे, सूर्याच्या हजारो पट वस्तुमानाचे तारे, असे उमेदवार आहेत. सगळ्या निरीक्षणांना पुरा पडणारा एकही नाही. शेवटच्या कल्पनेत तर दोन्ही प्रकारचे तारे साधारण एकाच वेळी जन्मतात. मग पिढी कुठली?

माझे मत ‘वाण’ला. तो ‘वर्ण’वरून आला, म्हणजे मुळात रंग, आणि शेतकऱ्याच्या तोंडी एकाच पिकातला प्रकार. इथे दोन्ही अर्थ लागतात. एनजीसी २८०८ या गुच्छाच्या रंग-तेज आलेखात (ताऱ्यांचा रंग एका अक्षावर, तेज दुसऱ्यावर), हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून, २००७ साली मुख्य क्रमाच्या, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांच्या, एका रेघेऐवजी तीन दिसल्या. हेलियम जितका जास्त, तितकी रेघ निळ्याकडे सरकलेली. ज्वारी तीच, वाण तीन!

प्रश्न : संक्रांतीच्या वाणाशी घोटाळा नाही होणार? आणि खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडेच्या ‘पॉप्युलेशन १’ आणि ‘२’चे काय?

उत्तर : लुटतात ते वाण, पेरतात तो वाण. पुल्लिंग सांभाळले की झाले. बाडेने १९४४ साली केलेली विभागणी फार मोठ्या पातळीवरची, अख्ख्या दीर्घिकांतल्या तरुण (१) आणि जुन्या (२) ताऱ्यांची; तिथे ‘समष्टी’ राहू दे.

एक अपवाद मात्र नोंदवतो. नरतुरंगातल्या ओमेगा सेंटॉरी या गुच्छात लोहाचे प्रमाणही ताऱ्यागणिक बदलते, म्हणजे आधीच्या ताऱ्यांच्या स्फोटांतले लोह नंतरच्यांत मिसळले असावे. तिथे कुणी ‘पिढी’ लिहिले तर मी हरकत घेणार नाही. (मे महिन्यात रात्री दक्षिण क्षितिज मोकळे असेल तिथून तो जरूर पाहा, आपल्याकडूनही अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांना अंधुक ठिपका दिसतो.)

एरवी वाक्य असे व्हावे : ‘एम ४ हा समष्टी २ मधला गुच्छ असून त्यात ताऱ्यांचे दोन वाण आढळतात.’