पहिलं सत्र संपलं; दुसऱ्या सत्रात आधी वाचन

प्रेषक: तिसरीच्या बाई, बडोदा
प्रति: बडोद्यातल्या आपल्या मराठी शाळेच्या परदेशस्थ मंडळाचे सर्व सभासद

मंडळी, सप्रेम नमस्कार.

परवा सत्राचा शेवटचा पेपर झाला, काल निकालपत्रकं भरली आणि आज दुपारी मुलं दप्तरं उडवत घरी गेली. आता २१ दिवस दिवाळीची सुट्टी. सत्र एकंदरीत बरं गेलं. नवरात्रात गरब्याच्या जागरणांमुळे हजेरी पडली, ती दर वर्षी पडतेच. पाचवीच्या मुली खो-खोत छान खेळल्या. इथल्याच माजी विद्यार्थ्यांनी पिण्याच्या पाण्याची नवी टाकी बसवून दिली, त्यांचे मनापासून आभार.

आता तिसरीबद्दल. हे जरा सविस्तर लिहिते, कारण पुढच्या सत्रात कशाला आधी हात घालायचा ते यावरच ठरणार आहे.

परीक्षेआधी तिसरीच्या प्रत्येक मुलाला मी एकेकटं टेबलाशी बसवलं. समोर त्यांनी कधी न पाहिलेलं एक पान, वेळ एक मिनिट. ‘निपुण भारत’ योजना २०२१ साली सुरू झाली. तिच्यात तिसरी संपताना मुलानं अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द, आणि तोही समजून वाचावा, ९,९९९ पर्यंतचे आकडे वाचता-लिहिता यावेत, असं ठरवलेलं आहे. वर्गातली काही मुलं आत्ताच तिथे पोचली आहेत. बरीच मधे आहेत. आणि काही मुलं अशी आहेत, की ती अजून वाचत नाहीत, नुसती अक्षरं लावतात.

त्यातला एक मुलगा सांगते. ‘विहिरीवरून’ हा शब्द तो वि, हि, री करत पार करतो, आणि वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात निसटलेली असते. ‘कोण कुठे गेलं रे?’ विचारलं की पुस्तकात न बघता माझ्या तोंडाकडे बघतो. हाच मुलगा संध्याकाळी वडिलांच्या सेव-उसळच्या गाडीवर उभा असतो. तीन प्लेट, दोन पाव जास्तीचे, पाचशेची नोट, परत किती, हे तो माझ्याआधी तोंडी सांगतो. पण ‘त्रेसष्ट लिही’ म्हटलं की ३६ लिहितो. कानावर आधी ‘त्रे’ पडतं, म्हणून हात आधी ३ काढतो. गुजरातीतही एककच आधी बोलतात, तेव्हा बाहेरही त्याला वेगळं काही ऐकू येत नाही. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. सहा जुड्या, तीन सुट्ट्या काड्या, त्या त्यानं स्वतःच्या हातानं मांडायच्या, आणि मग पाटीवर आकडा. त्याला हे जमतं. फक्त त्याच्याशेजारी कुणीतरी बसायला हवं.

दुसरी एक मुलगी आहे. अक्षर इतकं सुरेख, की तिची वही मी इतरांना दाखवत असे. त्या दिवशी तिच्याच वहीतलं पान तिला वाचायला दिलं, तर पहिल्या ओळीलाच अडली. फळ्यावरून ती चित्र काढावं तसं उतरवून घेत होती. तेव्हा ‘धडा वहीत उतरवून आणा’ हा गृहपाठ दुसऱ्या सत्रात पूर्ण बंद. पालकांना तो आवडतो, वह्या भरलेल्या दिसतात. पण त्यातून वाचन येत नाही, आणि मुलाची संध्याकाळ त्यात जाते.

आपल्या मुलांवर लिप्यांचा भार आहे, हेही खरं. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, शिवाय हिंदी आणि इंग्रजी. गुजरातेत २०२३च्या कायद्यानं पहिली ते आठवी सगळ्या शाळांत गुजराती सक्तीची झाली, आणि ती यायलाच हवी; या गावात राहायचं तर त्याशिवाय चालणार नाही. पण एक लिपी पक्की बसण्याआधी दुसरी आली की मुलं मराठी लिहिताना शिरोरेषा सोडतात, अर्धं अक्षर या लिपीतलं, अर्धं त्या लिपीतलं काढतात.

म्हणून मुख्याध्यापकांशी बोलून ठरवलंय: पहिली ते तिसरी रोजचा पहिला तास वाचनाचा. त्यात गॅदरिंगच्या तालमी नाहीत, पत्रकं भरणं नाही, सूचना वाचून दाखवणं नाही. अडणारी मुलं त्या वेळात माझ्याजवळ, बाकीची जोडीनं. विज्ञानाचे प्रकल्प, तक्ते, प्रदर्शन हे सगळं जानेवारीनंतर.

यासाठी पुस्तकं लागतील. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी आलं, तेव्हा कपाटाचे खालचे दोन खण भिजले, आणि लहानांची पुस्तकं खालीच ठेवलेली होती. ती अजून भरून निघालेली नाहीत. बाकी सुचवण्या कळवा, मी सुट्टीत उत्तरं देईन.

आपली,
तिसरीच्या बाई

---

प्रेषक: रावपुऱ्यातला एक माजी विद्यार्थी, न्यू जर्सी
विषय: उत्तर

बाई, नमस्कार.

पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. काड्यांच्या जुड्या मलाही आठवतात, रबर लावून टेबलाच्या खणात असायच्या.

एक गोष्ट स्पष्ट विचारतो, राग मानू नका. माझ्या बडोद्यातल्या चुलत भावंडांची मुलं एकजात इंग्रजी माध्यमात आहेत. आपल्या शाळेच्या पहिलीत दर वर्षी बाकं रिकामी होतायत, हे तुम्हीच मागे लिहिलं होतं. मग दुसऱ्या सत्रात सगळा जोर मराठी वाचनावर देऊन पालक थांबतील का? त्यांना इंग्रजी दिसायला हवं. आमच्यातल्या काही जणांचा विचार आहे की तिसरी-चौथीला टॅब द्यावेत. त्यात इंग्रजीही येईल, गणितही येईल, आणि मुलगा आपल्या गतीनं शिकेल. शेजारी बसायला माणूस नाही हीच अडचण असेल, तर ती यानं थोडी तरी सुटेल असं वाटतं. पैशांची जुळवाजुळव आम्ही करू.

---

प्रेषक: शनिवारच्या मराठी शाळेतली ताई, लंडन
विषय: उत्तर

बाई, सुंदर हस्ताक्षराच्या मुलीबद्दल वाचून मी लगेच आमच्या वह्या काढून बसले.

आमच्याकडे चित्र उलटं आहे. शनिवारी येणाऱ्या मुलांना मुळाक्षरांचा तक्ता पाठ असतो, जोडाक्षरंही बऱ्यापैकी वाचतात, पण ‘ओसरी’, ‘परात’, ‘गवळण’ म्हणजे काय ते माहीत नसतं. आवाज काढतात, अर्थ लागत नाही. तुमच्या मुलांकडे शब्दांचं भांडार आहे आणि अक्षरं अडतात. त्यामुळे मला तरी तुमचं काम आमच्यापेक्षा लवकर फळेल असं वाटतं.

आम्हाला उपयोगी पडलेली एक पद्धत लिहिते. एकच छोटं पुस्तक आठवडाभर. सोमवारी मोठं माणूस वाचतं, मुलं बोट फिरवतात. नंतर त्याच्या पाठोपाठ वाचतात. शेवटी एकेकटी. आठवड्याच्या शेवटी पुस्तक पाठ झालेलं असतं, हा काही जणांना दोष वाटतो. मला नाही वाटत. पाठ झालेल्या ओळीवर बोट ठेवून शब्द ओळखता येणं ही फार मोठी पायरी आहे. (शनिवारची शाळा असल्यानं ‘सोमवार’ घरी पालक करतात, हे सांगायला नको.)

पुस्तकं नेमकी कसली हवीत? किती पानांची? टॅबबद्दल दादांशी मी सहमत नाही, पण तुमचं मत आधी ऐकायचंय.

---

प्रेषक: तिसरीच्या बाई, बडोदा
विषय: उत्तर

दादा, राग कसला. पालक दारात उभे राहून मला हेच विचारतात.

इंग्रजी आपण सोडलेलं नाही. पहिली-दुसरीत ते कानानं आणि तोंडानं चालतं: गाणी, सूचना, वस्तूंची नावं, ‘दार लाव’, ‘इकडे ये’. मुलं धिटाईनं बोलतात. पण इंग्रजी वाचन मी तेव्हाच जोरात धरते, जेव्हा मुलाला एका लिपीत कळलेलं असतं की कागदावरच्या खुणांतून बोलणं बाहेर येतं. हे एकदा समजलं की दुसऱ्या लिपीत पुन्हा शिकवावं लागत नाही, फक्त खुणा नव्या असतात. न समजता तीन लिप्या गिरवणारं मूल तिन्ही लिप्यांत अडलेलं राहतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलं आहे. पालकांना मी धोरण दाखवत नाही. त्यांच्या मुलाला त्यांच्यासमोर वाचायला लावते. सहा महिन्यांनी तो वाचतो, आणि ते थांबतात.

टॅबला माझा विरोध नाही. पण त्या सेव-उसळवाल्या मुलाला वाक्य वाचून झाल्यावर ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारणारं माणूस हवंय. तो अडला की थांबणारं, चुकला की लगेच न सुधारणारं, आणि गोष्टीत गंमत वाटली की हसणारं. पडद्यावर हिरवी खूण येते, पण गोष्ट ऐकून घेणारं कुणी नसतं. तुम्ही मनापासून देताय, म्हणून सांगते: या सत्रात टॅब नकोत, पुस्तकं आणि ऐकणारी माणसं द्या.

आता पुस्तकं. आपल्या गावाचीच पद्धत पुन्हा धरावी असं मनात आहे. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्याआधी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात करून पाहिलं होतं. पण शाळेत वाचायला शिकलेलं मूल घरी काय वाचणार, हा प्रश्न उरलाच. म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं, मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, आणि पुस्तकं भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरायला लागल्या. एका गावानं वाचलं की पेटी पुढच्या गावाला. न्यू जर्सीच्या मंडळींना हे मुद्दाम सांगते, कारण ते काम उभं करणारा माणूस तुमच्या देशातला होता.

तशीच एक पेटी तिसरीच्या घरांतून फिरवायची. एका घरी आठवडाभर. ज्या घरी आईला वाचता येतं तिथे आई ऐकेल. ज्या घरी आजीला अक्षर येत नाही तिथेही चालेल, कारण मुलानं वाचायचंय आणि आजीनं फक्त ऐकून ‘मग त्या कोल्ह्याचं काय झालं?’ विचारायचंय. आजीला वाचता येत नाही हे उलट बरं. तिला गोष्ट कळायची तर नातवाला नीट वाचावंच लागेल.

ताई, पुस्तकं लहान हवीत: पंधरा-सोळा पानं, मोठा टाइप, पानाला एक-दोन ओळी, चित्र ओळीशी जुळणारं. शेवटी बोध सांगणारी नकोत. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची मराठीतली पुस्तकं स्वस्त असतात आणि इथे मागवता येतात. प्रथमच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरची पुस्तकं खुल्या परवान्याची आहेत, ती राजमहाल रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून शिवून घेता येतील. तिकडून पार्सलनं पाठवू नका, टपालखर्चात इथे दुसरी पेटी भरेल. तुमची आठवड्याच्या पुस्तकाची पद्धत मी घेते. पाठ झालेलं चालेल, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं वाटलं. इथे त्यावरून वाद घालावा लागतो.

---

प्रेषक: मंडळाचे खजिनदार, न्यू जर्सी
विषय: उत्तर

सर्वांना नमस्कार. गोळा करायला सुरुवात करण्याआधी कृपया हे वाचा.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट आहे, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरीही, त्यांची देणगी भारतात परकीय योगदान धरली जाते. ते घ्यायला शाळेच्या ट्रस्टकडे परकीय योगदानाच्या २०१०च्या कायद्याखालची नोंदणी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेत खातं लागतं. आपल्या ट्रस्टकडे ती नोंदणी नाही. वस्तू पाठवल्या तरी नियम हाच. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम मात्र परकीय धरत नाहीत. म्हणून पेटीचा खर्च फक्त अशा सभासदांनी वैयक्तिक द्यावा, मंडळाच्या खात्यातून एक पैसाही नाही. रक्कम तशी मोठी नाही.

उरलेल्यांनी बाईंनी मागितलेली दुसरी गोष्ट द्यावी: कान. नोव्हेंबरात आमची घड्याळं मागे गेली की शुक्रवारी रात्री साडेनऊला बडोद्यात शनिवारचे सकाळचे आठ वाजतात, आणि शनिवारी शाळा सकाळची असते. लंडनकरांना कामाच्या दिवशी सकाळी नऊ म्हणजे तिथे दुपारचे अडीच. एका मुलाला दहा मिनिटं. एवढ्याला बाईंचा फोन पुरेल. इच्छुकांनी नावं मला कळवावीत.

---

प्रेषक: तिसरीच्या बाई, बडोदा
विषय: उत्तर

खजिनदार काका, हे वेळेवर सांगितलंत, फार उपकार झाले.

फोनवर ऐकणाऱ्यांसाठी: मूल अडलं तर मनात पाचपर्यंत मोजा, मग शब्द सांगा. पान संपल्यावर एकच प्रश्न विचारा, आणि तो ‘तुला काय वाटतं?’ असा असू द्या. इंग्रजी बोलून दाखव असं म्हणू नका. शाबासकी द्यायची तर कशाबद्दल ते सांगा: ‘विहिरीवरून हा शब्द तू परत मागे जाऊन वाचलास’, असं.

मुलांना कुणी ऐकणार आहे हे मी शाळा उघडल्यावर सांगीन, सुट्टीत नाही. आधी सांगितलं तर घरचे पाठांतर करून घेतील. पहिल्या शनिवारी दोनच मुलं बसवते, त्यात तो गाडीवरचा मुलगा नक्की. पालकांची परवानगी मी लेखी घेईन. मुलांचे फोटो किंवा रेकॉर्डिंग कुणी ठेवू नये, ही विनंती.

पेटी दांडिया बाजारातल्या सुताराला सांगितली आहे. कडी आणि आत दोन खण, बास. पुस्तकांची यादी रविवारपर्यंत इथे टाकते. कुणाला त्यातलं एखादं नको वाटलं तर छापण्याआधी सांगा.