मदत हवी आहे: गरम पाण्यात मेम्ब्रेन फुगून फाटतंय

नमस्कार मंडळी,

पुण्यात पॉलिमरमध्ये पीएचडी करून आठ महिन्यांपूर्वी जर्मनीत पोस्टडॉकला आले. काम आहे पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या अल्कधर्मी सेलच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या, हायड्रॉक्साइड आयन पलीकडे नेणाऱ्या पातळ पडद्यावर. नाफिऑनवाल्या (आम्लधर्मी सेलमधल्या नेहमीच्या मेम्ब्रेनच्या) सेलला इरिडियम आणि प्लॅटिनम लागतं, इथे निकेलवर भागतं. शिवाय नाफिऑन फ्लोरिनवालं, आणि युरोपात 2023 पासून अशा रसायनांवर बंदीचा प्रस्ताव आहे. म्हणून हे जमावं असं मला मनापासून वाटतं.

टरफेनिल (तीन बेंझिन कड्यांची साखळी) आणि मिथाइल पायपरिडोन (नायट्रोजनचं कडं) यांच्यापासून पॉलिमर करते. साखळीत ईथर बंध नाही, त्यामुळे हायड्रॉक्साइड तिथे तोडू शकत नाही. नायट्रोजनवर धनभार आणायला मिथाइल आयोडाइड लावून, डीएमएसओ या द्रावकात विरघळवून, काचेच्या डिशमध्ये 80 अंशांवर सुकवते. डिशमधून सुटते तेव्हा फिल्म इतकी सुरेख असते! फिकट पिवळी, आरपार दिसणारी, 50 मायक्रॉन. पण पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणातून काढून 80 अंशांच्या पाण्यात सोडली, की तळणीतल्या पापडासारख्या कडा वळतात. सेलमध्ये घट्ट आवळली की गॅस्केटच्या कडेला बरोबर चीर जाते. गेल्या महिन्यात चार फिल्म अशा गेल्या.

आयन विनिमय क्षमता (एक ग्रॅम पॉलिमरमध्ये भारित गट किती) 2.8 मिलिमोल प्रति ग्रॅमच्या आसपास आहे. ती कमी केली तर फुगणं आटोक्यात येतं, पण वाहकताही पडते. ट्रायफिनिलबेंझिन (तीन बाजूंनी जोडला जाणारा रेणू) घालून साखळीला फांद्या फोडायचा प्रयत्न केला, तर फ्लास्कमध्येच जेल झालं, स्टरर थांबला. किती टक्के घालणं सुरक्षित, कुणाला अनुभव आहे का? सच्छिद्र पॉलिइथिलीनच्या जाळीत द्रावण भरायचाही विचार आहे, पण डीएमएसओ तिला ओलंच करत नाही, थेंब वर तसाच बसून राहतो. आधी इथेनॉलने भिजवून घेतलं तर चालतं का?

आणखी एक. वाहकतेचे आकडे रोज वेगळे येतात. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हायड्रॉक्साइडचं बायकार्बोनेट होतं हे माहीत आहे, म्हणून पाण्यात नायट्रोजन सोडते. तरी फिल्म उचलून मापन-सेलमध्ये लावेपर्यंतच्या दोन मिनिटांत फरक पडत असेल का? तुम्ही ग्लोव्हबॉक्समध्येच (हवाबंद पेटीत) लावता का?

सोळा महिने उरलेत. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) किंवा आणखी कुठे कुणी अशा मेम्ब्रेनवर हात घातला असेल, तर कृपया इथेच लिहा. फसलेले प्रयोगही सांगा, त्यांचा मला आत्ता जास्त उपयोग आहे.