नवीन होतात तेव्हा कुणी सांभाळून घेतलं?

गोदाकाठ
काल भाची मराठी विकिपीडियावर पहिल्यांदाच लिहीत होती. (विकिपीडिया १ मे २००३ चा, ती त्याहून वर्षानं लहान.) सगळं लिहून झालं, पण शेवटचं बटण दाबेचना. "मावशी, कुणी ओरडलं तर?"
मला माझी बारव आठवली. गावच्या बारवेवर पानभर मजकूर टाकला होता, एका पुस्तकातून जसाच्या तसा. दुसऱ्या दिवशी चर्चापानावर निरोप: प्रताधिकाराची अडचण येईल, धूळपाटीवर (म्हणजे सरावाच्या पानावर) स्वतःच्या शब्दांत लिहून बघा, पुस्तक संदर्भात द्या. आणि खाली, "बारवेचा तुम्ही स्वतः काढलेला फोटो आहे का? आमच्याकडे नाही." या एका ओळीमुळे मी टिकले. रविवारी एसटीनं गावी जाऊन पायऱ्यासुद्धा मोजून आले. तुमचं सांगा.

चिंचगूळ
गच्चीवरच्या बागेचा ग्रुप. जास्वंदीवर पांढरं काय पडलंय विचारलं तर उत्तर, "आधी जुने मेसेज वाचा." हजारभर मेसेज! सोडणारच होते, तेवढ्यात एका काकूंचा वेगळा मेसेज, "पानाच्या मागचा फोटो पाठव गं." आता नवीन कुणी आलं की मी पहिला फोटो मागते.

पावट्या
पिठ्या ढेकूण का? माझ्याकडेही झालाय 😩

चिंचगूळ
हो तोच. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, थोडा पातळ साबण. उन्हात नको, संध्याकाळी फवारा.

मस्कतकर
बाबा ६८ वर्षांचे, ग्रुपवर रोमनमध्ये लिहायचे. "मराठीत लिहा" सगळेच म्हणायचे, कसं ते कुणी सांगेना. एका मुलानं रात्री व्हिडिओ कॉल लावून कळफलक बसवून दिला. 'ॲ' सापडेना म्हणून दोघं वीस मिनिटं अडून. आता बाबाच इतरांना 'ॲ' शिकवतात.

नकाशेवाला
ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच मिळून बनवलेला नकाशा) नवीन माणसाला मी आधी स्ट्रीटकम्प्लीट घ्यायला सांगतो. ते ॲप छोटे प्रश्न विचारतं: या रस्त्यावर दिवे आहेत का, दुकान किती वाजता उघडतं. आपली गल्ली आपल्यालाच ठाऊक, त्यामुळे चुकायची भीती नाही. कुकर झाला, बाकी नंतर.

पावट्या
गोदाकाठ ताई, पायऱ्या किती निघाल्या?

गोदाकाठ
४१. पाण्याखालच्या धरल्या नाहीत. भाचीनं बटण दाबलं बरं का, आत्ता फोटो चढवतेय.