खंजेरीचा चुरा कोण करते, इंटरनेट की मिक्सर?

पऱ्हाटीवाला (यवतमाळ)
परवा गटात एका भाऊनं लिहिलं, "भजन इंटरनेटवर चढवलं की आवाज मरते. पेनड्राइव्हमध्ये द्या, नाईतर देऊच नका." वरून सगळ्यांचे अंगठे. आता बोलतोच.

आवाज दाबल्या जाते हे खरं. सीडीवर सेकंदाले 1411 किलोबिट माहिती, यूट्यूबवरून एएसी (आवाज दाबायची एक पद्धत) येते साधारण 128 नं. म्हणजे अकरातला एकच भाग उरला. पण जे काढलं ते बहुतेक असं की मोठ्या आवाजामागं लपलेलं, कानाले तसंही न सापडणारं. अन् चित्र 144 वर ठेवलं म्हणून आवाजही तेवढाच उतरते असं नाई, दोन्ही वेगवेगळे येते.

गटात भजनाच्या ज्या व्हिडिओवर रडणं चालू होतं तो मी पूर्ण ऐकला. फोन स्पीकरच्या बॉक्सच्या पुढ्यात धरला हाय. माइकच फाटला तिथं! जे फोनातच फाटलं ते तिजोरीत ठेवा, फाटलेलंच राहीन. त्यात फोन आपल्या मनानं आवाज वरखाली करते. खंजेरी कडाडली की बुवा गायब, खंजेरी थांबली की जनरेटरची घरघर वर.

खंजेरीवाला (मोझरी)
तो भाऊ म्हणजे मीच. नाव घेऊन बोलत जा ना!

लहानपणापासून गुरुकुंजात पुण्यतिथीले बसतो. तुकडोजी महाराजाईच्या खंजेरीचा वारसा हाय हा, खेळणं नाई. समोर बसलं की "छन्" ऐकू येते, मोबाइलवर थेच "फस्स". कानाले न सापडणारं काढते म्हणे! कोणाच्या कानाले? माह्या कानाले विचारलं होतं काय?

पऱ्हाटीवाला
घे, एवढं देतो तुले. खंजेरीच्या चकत्या, झांजा, टाळ्या हे दाबायले सगळ्यात अवघड. ठोक्याच्या आधीच फसफस पसरते, अन् 128 च्या एएसीत 16 किलोहर्ट्झच्या वरचं (एकदम टिपेचं, तीक्ष्ण) बहुतेक कापलेलंच असते.

पण तुह्या फाइलीत थे होतं कुठं? पोट्ट्यानं व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून टाकला, तिथं एकदा दाबला. मंग अपलोड झाल्यावर दुसऱ्यांदा. मंग तू ब्लूटूथच्या डब्ब्यावर लावला, तिथं एसबीसीनं (ब्लूटूथची आवाज दाबायची पद्धत) तिसऱ्यांदा. डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर पहिला मार तरी वाचला असता.

वर्धेची ताई
तुमचं ते आवाज दाबायचं कोडेक-फोडेक राहू द्या भाऊ. खरा रोग इको आहे.

माझ्या सासऱ्यांच्या तेरवीचं भजन चांगल्या रेकॉर्डरवर घेतलं, फोनवर नाही. घरी ऐकलं तर एक ओळ कळेल तर शपथ. "विठ्ठल" म्हटलं की मागून ठ्ठल, ठ्ठल, ठ्ठल. पोरगं हरवल्याची सूचनासुद्धा आकाशवाणी झाल्यासारखी. हे काय इंटरनेटनं केलं?

साउंडवाला (ब्रह्मपुरी)
ताई, मी हौसेनं नाई लावत. बुवाच येऊन कानात सांगते, "इको वाढव." कमी केला की म्हणते आवाज बसला, अन् हिशेबाच्या वेळी पैसे कापते.

मी झाडीपट्टीच्या नाटकाईलेही साउंड देतो. दिवाळीनंतर रातभर नाटक चालते. तिथं इको जरासा चढला अन् संवाद कळला नाई की मागून शिव्या येते. कारण थे लोक तिकीट काढून ऐकाले बसते. भजनाच्या मांडवात कोण शब्द ऐकून रायलं?

खंजेरीवाला
म्हणजे आमचे बुवा बेसूर, म्हणून इको मागते?

साउंडवाला
मी नाई म्हणलं बे. तूच म्हणला.

खंजेरीवाला
तोंड सांभाळ. पुढच्या साली तुह्या गाडीले गावात शिरू देतो काय पाय.

अकोल्याचा पोट्टा
काका लोक, भांडण संपलं की एक करा. यूट्यूबमध्ये "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडा, व्हॉल्यूमच्या ओळीत कंटेंट लाउडनेस दिसते. उणे 14 एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा हे मोजायचं माप) वर गेलेला आवाज थे स्वतःच खाली आणते. म्हणजे मिक्सरवर लाल दिवा लागेपर्यंत चढवून काहीच भेटत नाई, नुसतं फाटते. हळू असलं तर मात्र थे वर करत नाई.

साउंडवाला
झालं, आता लाल दिवाही माह्याच नावावर.

वर्धेची ताई
भाऊ, चिडू नका. मांडवात ठेवा इको, बुवांचं मन राखा. रेकॉर्डिंगसाठी कोरडा आवाज वेगळा काढता येतो की नाही, एवढंच सांगा.

साउंडवाला
येते. ऑक्समधून (मिक्सरमधून आवाज बाहेर काढायची वेगळी वाट) काढतो, इको फक्त बॉक्सले जाईन. रेकॉर्डर तुमचा. वायरीत पाय अडकून कोणी पडलं तर माह्याकडं यायचं नाई.

पऱ्हाटीवाला
हेच मी पहिल्यापासून म्हणून रायलो.

वर्धेची ताई
नाही हो, तुम्ही फोनबद्दल म्हणत होता. इकोचं मी म्हटलं.

खंजेरीवाला
खंजेरीले वेगळा माइक लागीन, जरा लांबून. बुवाच्या माइकात आली की तिचा चुराच होते. इंटरनेटही करते, थे मी सोडलं नाई!

साउंडवाला
जास्तीच्या माइकाचं भाडं वेगळं.

खंजेरीवाला
आला ना पैशावर! गाडी शिरली तं देऊ.

साउंडवाला
गाडी शिरण्याआधी द्याचं. अर्धं आगाऊ.